डिस्नीच्या नव्या ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ या पाण्याच्या राइडमध्ये कितपत भिजायला होतं? ऑक्टोबरमध्ये ऑर्लँडोला जातोय, तीन वर्षांचा धाकटाही बरोबर आहे; सहा वर्षांची मुलगी आणि साठीतले आई-वडील यांना बसवावं का?

पहिल्या रांगेत बसलात तर चिंब. मधल्या-मागच्या रांगांत नशिबावर आहे: कधी नुसते शिंतोडे, कधी एक बाजू पूर्ण ओली. कोरडं बाहेर पडायची खात्री कुठल्याच जागेवर नाही, कारण आधीच्या फेरीचं पाणी बाकावर आणि पायाशी साचलेलंच असतं. मुलीची उंची १०२ सेंटिमीटर (४० इंच) असेल तर तिला बसवा. आई-वडिलांचं उत्तर त्यांच्या पाठीवर, गुडघ्यांवर आणि रक्तदाबावर आहे, त्याबद्दल खाली लिहितो.

आधी एक समजून घ्या, म्हणजे जुनी माहिती कुठे वापरायची आणि कुठे नाही ते कळेल. ही राइड म्हणजे जुनं ‘स्प्लॅश माउंटन’. तुम्ही ऑर्लँडोला जाताय, म्हणजे तिथल्या डिस्नीच्या मॅजिक किंगडम पार्कमधलं. ते १९९२ मध्ये सुरू झालं, २२ जानेवारी २०२३ ला शेवटचं चाललं आणि २८ जून २०२४ ला टियानाच्या रूपात परत उघडलं. मूळ राइड १९४६ च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटावर होती. त्यातल्या कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर इतकी टीका झाली की डिस्नीने तो अमेरिकेत घरी बघायला कधी विक्रीलाच काढला नाही. त्या मानाने राइड बरीच वर्षं टिकली म्हणायची. आता कथा २००९ च्या ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ची आहे, टियाना ही त्याची नायिका. बदललं ते डोंगराचं रूप, आतल्या बाहुल्या, दिवे आणि गाणी. पाण्याची पन्हळ, तिची वळणं, चढ आणि शेवटची उडी जुनीच. त्यामुळे भिजण्याबद्दल स्प्लॅश माउंटनच्या काळात कुणी जे सांगितलं असेल ते आजही लागू पडतं. आत काय दिसतं याबद्दलचं मात्र सगळं विसरा.

मोठी उडी साडेबावन्न फुटांची, म्हणजे १६ मीटर. साधारण पाच मजली इमारतीएवढी. उतार ४५ अंशांचा. घर्षण सोडून हिशेब केला तर १६ मीटर खाली येताना वेग ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास निघतो, आणि डिस्नी सांगतं तो ४० मैलांचा आकडाही तोच आहे. वरून खाली यायला जेमतेम अडीच-तीन सेकंद लागतात. पोटात गोळा येतो, पण उलटंपालटं काही होत नाही. मोठ्या उडीच्या आधी एक-दोन छोट्या घसरणी आहेत, त्यातली एखादी अंधारात येते. मुलगी घाबरलीच तर बहुधा तिथे घाबरेल, कारण मोठी उडी निदान समोर दिसते तरी. इमॅजिकातली राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर तिने हसत केली असेल तर ही त्याच जातीची आहे, फक्त बरीच लांब: आत दहा-अकरा मिनिटं जातात आणि त्यातला बहुतेक वेळ ओंडका (आपण बसतो ती ओंडक्याच्या आकाराची होडी) सावकाश तरंगत असतो.

आता पाणी अंगावर येतं कसं ते. खाली पोचताना ओंडक्याचं नाक पाण्यात घुसतं आणि पाणी दोन्ही बाजूंना फेकलं जातं. पुढे वजन जास्त असेल तर नाक खोल जातं आणि लाट मोठी उठते. चार रांगा, प्रत्येकीत दोघं, असे आठ जण एका ओंडक्यात बसतात; आठही मोठी माणसं असली तर लहान मुलांनी भरलेल्या ओंडक्यापेक्षा पाणी जास्त उडणार हे उघड आहे. म्हणून ज्यांना भिजायचं नाही त्यांनी दोन गोष्टी कराव्यात: बसवणाऱ्या कर्मचाऱ्याला ‘मागची रांग मिळेल का’ असं सरळ विचारावं (बहुतेक वेळा देतात), आणि आपल्या पुढे दणकट मंडळी बसली असतील तर खुशाल त्यांच्या आडोशाला राहावं. उडी संपली म्हणून लगेच सैलावू नका. पुढच्या बाहेरच्या वळणावर परतलेली लाट कडेने आत येते, आणि मागून येणाऱ्या ओंडक्याचा फवाराही कधी गाठतो.

कपड्यांबद्दल. जीन्स घालू नका. ओली जीन्स फ्लोरिडाच्या दमटपणात तासन्‌तास वाळत नाही आणि दिवसभर चालून मांड्या सोलवटतात. पार्कात दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. पातळ सिंथेटिक ट्रॅकपँट किंवा हाफपँट सगळ्यात बरी. सुती सलवार-कमीज चालेल, पण ओढणी काढून पिशवीत ठेवायला सांगा. ओंडक्याची कड आणि पन्हळीची भिंत यांत हाताएवढंही अंतर नसतं, लोंबतं कापड तिथे नको. साडी मॅजिक किंगडमच्या ओंडक्यात निभावते, कारण पाय पुढे सोडून बसायचं असतं. फक्त भिजलेली साडी अंगावर घेऊन पुढे दिवस काढणं ही शिक्षा आहे. (कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये हीच राइड १५ नोव्हेंबर २०२४ ला सुरू झाली, तिथे एकामागे एक, घोड्यावर बसावं तसं टांग टाकून बसतात. तिथे साडीचा विचारही करू नका, नऊवारी असली तर गोष्ट वेगळी.)

पायांचं खरं दुखणं बुटांत असतं. ओल्या मोज्यांत चाललं की दुपारपर्यंत टाचेला फोड. मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा क्रॉक्स घाला. बूटच असतील तर रांगेतच मोजे काढून पिशवीत टाका. सुट्या स्लिपर नकोत.

पिशवी तुमच्याबरोबर ओंडक्यातच येते, राइडजवळ लॉकर नाही. ती पायाशी ठेवली की तळाच्या पाण्यात बसते. मांडीवर घ्या, किंवा न बसणाऱ्या माणसाकडे सोपवा. फोन, पाकीट, गाडीची किल्ली झिपलॉक पिशवीत, आणि ती पिशवी बंद चेनच्या खिशात. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत राहू द्या. भारतातून आलेले आई-वडील तो सतत जवळ बाळगतात, तेवढं एक दिवस समजवा. वडिलांचं श्रवणयंत्र असेल तर बसायच्या आधीच काढून ठेवा. चष्मा उडीच्या वेळी हातात धरण्यापेक्षा नाकावरच दोन बोटांनी दाबून धरलेला बरा, हातातून तो हमखास सुटतो. फोन भिजलाच तर पूर्ण वाळेपर्यंत चार्जरला लावू नका.

रेनकोटबद्दल मतं वेगवेगळी आहेत. माझं मत: न्या, पण पार्कात महागडा पाँचो घेऊ नका, घरूनच साधा प्लास्टिकचा न्या. घालताना मागचं टोक बुडाखाली दाबून बसा, नाहीतर उडीत तो फुग्यासारखा फुगून तोंडावर येतो आणि अंग भिजतं ते भिजतंच. एक सुती पंचा बरोबर ठेवा. बसण्याआधी बाक पुसायला आणि नंतर डोकं पुसायला त्याच्याएवढी सोयीची गोष्ट नाही. टॉवेलपेक्षा लवकर वाळतो आणि जागाही कमी घेतो.

आई-वडिलांबद्दल. डिस्नीची सूचना स्पष्ट आहे: रक्तदाब, हृदय, पाठ किंवा मान यांचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी बसू नये. ही पाटी केवळ औपचारिकता म्हणून लावलेली नाही. खाली पोचताना ओंडका पाण्यावर आपटून एकदम मंदावतो, तेव्हा कमरेला हिसका बसतो. दुसरी अडचण चढण्या-उतरण्याची. ओंडका फलाटापेक्षा खोल असतो, बाकावर पाय देऊन खाली उतरावं लागतं, आणि ती जागा ओली असते. ज्यांना रिक्षातून उतरताना आधार लागतो त्यांना इथे तुमचा हात लागेलच. व्हीलचेअरवरून आलेल्यांनाही स्वतः उठून ओंडक्यात बसावं लागतं. यातलं काही नसेल तर साठी हे काही कारण नव्हे, खुशाल बसू द्या, फक्त मागच्या रांगेत. दांडा मांडीवर आला की पाठ टेकून, मान सरळ ठेवून बसायला सांगा. उडीत पुढे वाकलं की कंबर धरते.

तीन वर्षांच्या मुलाची उंची बसणार नाही, त्यासाठी ‘रायडर स्विच’ घ्या. रांगेच्या तोंडाशी असलेल्या कर्मचाऱ्याला सगळे एकत्र भेटा, एक मोठं माणूस धाकट्याबरोबर बाहेर थांबतं, बाकीचे बसून येतात, मग थांबलेल्याला पूर्ण रांग न लावता सोडतात. याला वेगळे पैसे पडत नाहीत.

रांगेचं गणित. उघडल्यावर सुरुवातीला व्हर्च्युअल रांग (ॲपवर नंबर लावायची) होती, आता साधी रांग आणि पैसे भरून लायटनिंग लेन मल्टी पास (वेळ ठरवून छोट्या रांगेतून जायचा) आहे. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना तो सात दिवस आधी, इतरांना तीन दिवस आधी, फ्लोरिडाच्या वेळेने सकाळी सात वाजता घेता येतो. तीन राइड आधी निवडता येतात, पण मागणीच्या पहिल्या गटातून एकच, आणि टियाना त्या गटात आहे. पीटर पॅन आणि जंगल क्रूझ या राइडही. मी टियानाच घेईन, पण वेळ दुपारी एक ते चारची. तेव्हा ऊन असतं, कपडे वाळतात. पासशिवाय जायचं तर पार्क उघडताच सरळ फ्रंटियरलँड, म्हणजे पार्कचा ही राइड असलेला भाग, गाठा. हॉटेलवाल्यांना मिळणारा आधीचा अर्धा तास फॅन्टसीलँड आणि टुमॉरोलँडपुरता असतो, म्हणून इथे सकाळी गर्दी उशिरा येते. रात्रीच्या आतषबाजीच्या वेळीही रांग आखडते, पण मग ओलेत्याने हॉटेलवर जायची तयारी ठेवा.

जून ते सप्टेंबर दुपारी गडगडाट ठरलेला. जवळपास वीज चमकली की राइड बंद होते, कारण पन्हळीचा मोठा भाग उघड्यावर आहे. तुम्ही ऑक्टोबर म्हणताय, तेव्हा पाऊस कमी असतो, पण तरी डिस्नीचं ॲप बघत राहा.

विजा चमकत नसतानाही ही राइड थांबते. उघडल्यानंतरच्या आठवड्यांत ती वारंवार बंद पडायची म्हणून बरीच बदनाम झाली. कारण समजलं की चिडचिड कमी होते. पन्हळीचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एका वेळी ठरल्याहून जास्त ओंडके येऊ द्यायचे नाहीत, विशेषतः उडीच्या पायथ्याशी. पुढचा ओंडका वेळेत सरकला नाही, फलाटावर कुणी उतरायला वेळ लावला, कुणी उभं राहिलं, की मागचे चढाचे पट्टे आपोआप थांबतात. चढावर अडकलात तर बसून राहा. बहुतेक वेळा दोन-पाच मिनिटांत पुन्हा सुरू होतं. फार लांबलं तर कर्मचारी कडेच्या वाटेने येऊन उतरवतात. त्यांनी सांगितल्याशिवाय पाय बाहेर काढू नका, कारण पट्टा कधीही हलू शकतो.

आत बघायचं काय? रांगेपासूनच डोळे उघडे ठेवा: डोंगर म्हणजे टियानाच्या सहकारी खाद्यकंपनीची जागा, वर मुकुट असलेली पाण्याची टाकी, आत स्वयंपाकघर, आणि बेन्येचा गोड तळणीचा वास मुद्दाम सोडलेला. काळ विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातला, गाव न्यू ऑर्लीन्स, मार्डी ग्रा या तिथल्या उत्सवाच्या मेजवानीसाठी वाजंत्री शोधायची, बस्स. लुई मगर तुतारी वाजवतो, दलदलीतले प्राणी वाद्यं धरून भेटतात, मग चित्रपटातली जादूगार म्हातारी मामा ओडी आपल्याला बेडकाएवढं करते. शेवटच्या चढावर तीच पुन्हा मोठं करायला उभी असते, आणि उडी. खलनायक नाही. जुन्या राइडमध्ये कोल्हा सशाला खाणार या धास्तीने चढाला अर्थ होता, तो इथे गेला. कथा पातळ झाली हे माझं स्पष्ट मत. पण बाहुल्यांची हालचाल, विशेषतः टियानाचा चेहरा, जुन्यापेक्षा कितीतरी सरस आहे, आणि उडीनंतरची मेजवानी तर सगळ्यात भरगच्च. नेमकं तिथेच लोक डोळ्यांतलं पाणी पुसत असतात, म्हणून पंचा हाताशी ठेवा म्हटलं.

बाहेर आल्यावर ओल्या अंगाने एसीतल्या राइडमध्ये, उदाहरणार्थ जवळच्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मध्ये, शिरू नका; मुलगी कुडकुडेल. शेजारच्या फ्रंटियरलँड स्टेशनवरून आगगाडी चालू असेल तर तिच्यात बसा. डबे उघडे आहेत, पूर्ण फेरी वीसेक मिनिटांची, आणि तेवढ्यात ट्रॅकपँट बऱ्यापैकी वाळते.