सुनेच्या व्हिसासाठी पोस्टातले १५ लाख मोडू का?

प्रश्न: मी त्रिमूर्तीनगर, नागपूर इथली निवृत्त शिक्षिका. मुलगा न्यू जर्सीत ग्रीन कार्डवर आहे, सून माझ्याजवळ. तिला तिकडे नेण्यासाठी त्याने केलेला आय-१३० हा अर्ज रखडलाय. तिथला वकील सरकारविरुद्ध कोर्टात जायचे ६,००० डॉलर मागतो. इथला एक एजंट दोन लाखांत काम पुढे सरकवून देतो म्हणतो. मुलाने नुकतंच घर घेतल्याने त्याचा हात तंग आहे. दीड वर्षापूर्वी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेले १५ लाख मोडू का? मार्चमध्ये त्याच्या ग्रीन कार्डाला पाच वर्षं होतील.

उत्तर: ताई, नका मोडू.

एजंटाला आजच नाही म्हणून सांगा. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यापुढे तिथला परवानाधारक वकील किंवा तिथल्या न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधीच तुमची बाजू मांडू शकतो. शिवाय जादा फी भरून आय-१३० चा निकाल लवकर मिळवायची सोयच नाही. मग हे दोन लाख कशाचे?

वकील सुचवतो तो 'मँडॅमस'चा, म्हणजे रखडलेल्या निर्णयासाठी खात्याला कोर्टात खेचायचा मार्ग कायदेशीर आहे. पण त्यात कोर्ट फार तर खात्याला 'निर्णय द्या' म्हणतं, 'मंजूर करा' असं म्हणत नाही. आणि मुलगा ग्रीन कार्डवर असल्याने सून एफ२ए गटात, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांच्या पत्नी-मुलांच्या गटात येते. या गटाचे व्हिसे दरवर्षी ठरावीकच. आय-१३० मंजूर झाला तरी दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे कुणाचा नंबर लागला ते सांगणाऱ्या सरकारी पत्रकात, तिची तारीख लागेपर्यंत थांबावंच लागतं. म्हणजे पाच लाखांच्या वर खर्चून केस जिंकलात, तरी सून त्रिमूर्तीनगरातच!

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात, त्या वाक्यात खरी वाट आहे. ग्रीन कार्डाला पाच वर्षं व्हायच्या ९० दिवस आधीपासून नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. ऑनलाइन फी सध्या ७१० डॉलर. नागरिकाच्या पत्नीला त्या ठरावीक संख्येचं बंधन नाही. जुनाच आय-१३० पुढे चालतो, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र तेवढं खात्याला कळवायचं. फक्त या पाच वर्षांत मुलगा कधी सलग सहा महिन्यांहून जास्त काळ नागपुरात राहिला असेल, तर अर्जाआधी वकिलाला विचारायला हवं.

याची किंमतही आहे. भारतीय नागरिकत्व सुटतं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली चालते. काटोलकडे संत्र्याची बाग घ्यायचं त्याच्या मनात असेल, तर हे आधीच बोलून घ्या. माझ्या मते बायकोपासून लांब राहण्यापेक्षा हा सौदा बरा, पण ठरवायचं त्या दोघांनी.

स्वस्त मदत तिथेच शोधायची. न्याय खात्याच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त ना-नफा संस्थांची राज्यवार यादी आहे. तिथले प्रतिनिधी कमी फीत, कधी फुकटही काम करतात. काही लॉ कॉलेजांची इमिग्रेशन क्लिनिक्स, म्हणजे कायदा मदत केंद्रं असतात. मुलाच्या मतदारसंघातल्या काँग्रेस (अमेरिकेची संसद) सदस्याचं कार्यालय रखडलेल्या अर्जाची चौकशी मोफत करून देतं, त्यासाठी तो मतदार असावा लागत नाही. आणि खाजगी वकिलाकडे जायचंच तर अख्खी केस न सोपवता एका तासाचा सल्ला घ्यावा.

आता तुमच्या पैशांचं. १५ लाखांवर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ३०,७५० रुपये येतात. एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत खातं बंद केलं तर मुद्दलातून दीड टक्का, म्हणजे २२,५०० रुपये कापले जातात. आणि या खात्यातून हवे तेवढेच काढता येत नाहीत, अख्खं बंद करावं लागतं. डॉलरमध्ये कमावणाऱ्या मुलाच्या तंगीसाठी तुमची तिमाही आवक थांबवणं मला पटत नाही.

नागरिक झाल्यावरही अर्ज नेहमीच्या मुदतीपलीकडे अडकला, तर मँडॅमसचा विचार जरूर करा. तो खर्च मुलाने करावा, हप्त्यांनी फी घेणारे वकीलही असतात. तुम्हाला हातभार लावायचाच असेल तर एका तासाच्या सल्ल्याचे पैसे बचत खात्यातून पाठवा. बँकेत पॅन आणि परदेशी पैसे पाठवायचा ए२ फॉर्म लागेल. आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत त्यावर टीसीएस, म्हणजे बँक आधीच वसूल करते तो कर, कापला जात नाही.