नकाशात पाणी कुठाय?

मागच्या महिन्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी एक तरुण जोडपं आलं होतं. दोघंही आयटीत, मुलगी सात वर्षांची. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची, ती घरासारखी बांधून घ्यायची, नोकरी गाडीतूनच करायची आणि वर्षभर देश हिंडायचा, असा बेत. सासऱ्यांनी एका वाक्यात निकाल दिला होता: "पोरीचं वाटोळं कराल." मुलीला एक ठरलेलं घर नसेल तर तिच्या मनावर परिणाम होतो का, हे त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं. हाच प्रश्न बदलीची नोकरी असलेले विचारतात, फौजेतले विचारतात, घटस्फोटानंतर ज्यांचं मूल शनिवार-रविवार दुसऱ्या घरी जातं तेही विचारतात.

मी त्यांना प्रकाशची गोष्ट सांगितली. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. लिहायची परवानगी त्याने दिली, त्याच्या आईनेही दिली. "लिवा की, त्यात काय चोरी हाय," अशा शब्दांत.

प्रकाशच्या आधी त्याची बायको आली होती. तिला ही गोष्ट सोसायटीच्या वॉचमनकडून कळली. "मॅडम, साहेब रोज रात्री गाडीत झोपतात," असं तो संकोचत म्हणाला. हा सेहेचाळीस वर्षांचा माणूस, चांगली नोकरी, तीन खोल्यांचा फ्लॅट. आणि रात्री दीडच्या सुमाराला उठून खाली पार्किंगमध्ये जायचा, मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन पहाटेपर्यंत झोपायचा. तिने आधी त्याचा फोन तपासला. मग दारूचा वास घेऊन पाहिला. काहीच सापडेना तेव्हा ती जास्त घाबरली. "हा आजार आहे का?" हा तिचा पहिला प्रश्न.

गंमत अशी की १६८८ साली कुणी विचारलं असतं तर उत्तर 'हो' असं मिळालं असतं. परदेशात चाकरी करणारे स्विस भाडोत्री सैनिक घरच्या आठवणीने झुरतात, या दुखण्याला योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बासेलमध्ये त्या साली नाव दिलं: नॉस्टॅल्जिया. आज तो शब्द आपण चहा पिता पिता वापरतो. तरी झोप, भूक, कामातलं लक्ष, जीव नकोसा वाटणं हे सगळं मी प्रकाशला नीट विचारून घेतलं. तसं काही नव्हतं. झोप लागत होती, फक्त घरात लागत नव्हती.

त्याचे वडील टुरिंग टॉकीजवाले, म्हणजे जत्रांतून तंबू ठोकून सिनेमा दाखवणारे. माण तालुक्यातलं गाव. दिवाळी झाली की ट्रक निघायचा, तो मृगाच्या तोंडावर परत यायचा. म्हसवड, पुसेगाव, औंध, पाल, मग फाल्गुनात मढी, चैत्रात शिखर शिंगणापूर आणि खरसुंडी. जत्रेमागून जत्रा. ट्रकच्या हौद्यात मागच्या बाजूला प्रोजेक्टर कायमचा बोल्टांनी घट्ट केलेला, बाजूच्या पत्र्याला भिंगापुरतं भोक पाडलेलं. तंबू ठोकला की ट्रक त्याला टेकवून उभा करायचा. ट्रक म्हणजेच मशीनरूम. आणि केबिनकडचा उरलेला अर्धा हौदा म्हणजे यांचं घर. फळ्यांची माचण, तिच्याखाली ट्रंका आणि फिल्मच्या पेट्या, वर ताडपत्री. प्रकाश तीन वर्षांचा असल्यापासून पंधरा वर्षांचा होईपर्यंत वर्षातले सात महिने तिथे राहिला.

पहिल्या भेटीत मी चूक केली, ती सांगायला हवी. मी चेहरा गंभीर केला आणि म्हणालो, "फार हाल झाले असतील." तो गप्प झाला. अर्धा तास मी विचारेन तेवढंच बोलला. अवघड बालपण शोधायची आमच्या धंद्याला सवय लागलेली असते. समोरचा माणूस सुखाचं काही सांगत असला की आम्ही त्याच्या मागे दुःख धुंडाळतो.

दुसऱ्या वेळी त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत बोटाच्या दोन पेरांएवढा काळा तुकडा. एका टोकाला तांब्याचा पातळ मुलामा, दुसरं टोक जळून खड्डा पडलेलं. कार्बनचं थोटूक. त्या जुन्या मशिनीत बल्ब नसायचा. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगीचा झोत पेटवायचा आणि कांड्या झिजत जातील तसं त्यांच्यातलं अंतर हाताने राखायचं. अंतर वाढलं की पडदा अंधारायचा आणि तंबूतून शिट्ट्या. उरलेली थोटकं प्रकाशची. त्यांनी तो फाळक्याच्या आतल्या बाजूला चित्रं काढायचा, बेरीज-वजाबाकी करायचा. बोट चोळलं तर आजही काळं होतं, असं म्हणून त्याने माझ्या टेबलावरच्या कागदावर रेघ ओढून दाखवली.

मग तो बोलत सुटला. मशिनीची खडखड चालू असली की झोप लागायची आणि रीळ संपून ती थांबली की जाग यायची. वडील अंधारात रीळ बदलताना पायाच्या अंगठ्याने याच्या तळव्याला गुदगुल्या करायचे. भोंग्यावर "ताई, माई, आक्का" असा पुकारा करायचं काम दहाव्या वर्षी त्याच्याकडे आलं. नवव्या वर्षी त्याला टपावर झोपायची परवानगी मिळाली, खाली जत्रेचे दिवे.

आठ महिन्यांपूर्वी चुलतभावाने तो ट्रक भंगारात विकला. किलोच्या भावाने. तसा तो वीसेक वर्षं गावच्या चिंचेखाली चाकं काढून उभाच होता. टीव्ही आला, व्हिडिओ आला, पुढे रिळाच्या प्रिंटच निघेनाशा झाल्या. धंदा त्याआधीच बसलेला. प्रकाशला हे फोनवर कळलं, तो "बरं" म्हणाला आणि मीटिंगला गेला. वडील गेले तेव्हा घरी माणसं भेटायला आली होती. ट्रक गेला तेव्हा कोण येणार? त्याच महिन्यात त्याचा मुलगा नऊ वर्षांचा झाला. या दोन गोष्टी त्याने एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मी ठेवल्या, तेव्हा त्याने चष्मा काढला.

मी त्याला एक काम दिलं: त्या ट्रकचा नकाशा काढून आण. आमच्याकडे ही साधी पद्धत आहे. घर गेलं असेल तर ते कागदावर उभं करायला लावायचं. तो इंजिनिअर माणूस, त्याने मापासकट आणला. मशीन, भोक, माचण, कुणाचं डोकं कुठे, कंदिलाचा आकडा, देवाचा फोटो, थोटकांचा डबा. सुंदर नकाशा होता.

पुढच्या भेटीला आई आली. आक्का. वय पंचाहत्तरच्या पुढे, नऊवारी, हातात पिशवी. तिने कागद लांब धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "पाणी कुटाय?"

प्रकाशला कळलं नाही.

"पान्याचा पिंप कुटाय? स्टोव्ह कुटाय? मी आंगूळ कुटं करत हुते, दाव की."

नकाशात यातलं काहीच नव्हतं, कारण ते ट्रकच्या आत नव्हतंच. तिने त्याच्याकडून पेन घेतलं आणि ट्रकच्या बाहेर, कागदाच्या कडेला, गोल काढायला सुरुवात केली. हा पिंप. दुष्काळी भागातली जत्रा, लाख माणूस, आणि पाणी आणायचं तर पहाटे चारला आडावर नंबर लावायचा. ही कनातीमागची जागा, जिथे दोन लुगडी बांधून अंघोळ. आणि हे लांबचं शेत, उजाडायच्या आत जाऊन यायचं, कारण उजाडल्यावर दिवसभर जाता यायचं नाही. दिवसभर पाणी कमी प्यायची सवय तिला तिथे लागली, ती अजून आहे.

प्रकाशची मोठी बहीण ट्रकवर कधी राहिलीच नाही. "पोरीच्या जातीला जत्रंत कसं ठिवायचं," म्हणून तिला मामाकडे ठेवलं. ती शाळेत टिकली, शिक्षिका झाली. याची शाळा दिवाळीनंतर सुटायची ती सुटायचीच. दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली, तीही दोनदा. म्हणजे कागदावर पाहिलं तर बहिणीला स्थिर घर मिळालं आणि याचं वाटोळं झालं. पण बहिणीला विचारलंत तर ती आजही म्हणते, "मला टाकलं आणि त्याला नेलं." ते मामाचं घर चिरेबंदी होतं.

मी आक्कांना विचारलं, तुम्हाला यातलं काही आवडायचं का? त्या हसल्या. पिक्चर, म्हणाल्या. सगळ्यांची जेवणं उरकून, भांडी घासून त्या ट्रकमध्ये चढायच्या आणि मशिनीशेजारच्या फटीतून बघायच्या. तोवर मध्यंतर झालेलं असायचं. "अर्ध्याच्या फुडचं समदं पाठ हाय. सुरवात कशी हुती ते कंदीच कळलं न्हाई."

एक खुलासा करतो, नाहीतर कुणी या गोष्टीचा भलताच अर्थ काढील. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांतली मुलंही सहा महिने फिरतीवर असतात; त्यांच्यासाठी साखरशाळा काढाव्या लागल्या. त्या मुलांच्या फिरण्याला मी गोड म्हणणार नाही. प्रकाशच्या वडिलांचा ट्रक स्वतःचा होता आणि संध्याकाळी गल्ल्यात चार पैसे पडत होते. हा फरक लहान नाही.

मग मुलावर परिणाम होतो का? होतो. शाळा तुटते, मित्र सुटतात, आणि निरोप घ्यायला न मिळता सुटलेले मित्र मुलं विसरत नाहीत. पण मूल ज्याच्या आधारावर धीट होतं तो आधार भिंतींचा नसतो, हे जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाने उभं आयुष्य मांडलं. कुणाकडे परत येता येतं, याला त्यात महत्त्व. प्रकाशसाठी गाव दर आठवड्याला बदलायचं, पण संध्याकाळ तीच असायची. तोच कंदील त्याच आकड्याला, त्याच हातची भाकरी, तीच खडखड, तोच अंगठा. ही संध्याकाळ रोज नव्या जागी उभी करायला एक बाई पहाटे चारला आडावर जात होती, एवढंच त्याच्या आठवणीत नव्हतं. त्याच्या आठवणी मी खोट्या म्हणणार नाही. मुलाला पाणी दिसलं नाही, म्हणजे पाणी वेळेवर येत होतं.

प्रकाश लगेच काही बरा झाला नाही. त्याने भंगारवाल्याला शोधून काढलं. ट्रक कापून झाला होता, फाळका तेवढा मिळाला. काळ्या रेघा त्यावर उरल्या नव्हत्या, गंज होता. तो त्याने घरी आणला यावर बायकोशी दोन दिवस भांडण झालं, ते मला बरं लक्षण वाटलं. पार्किंगमध्ये जाणं आधी आठवड्यातून दोनदा झालं, मग एकदा. आता शनिवारी मुलगाही चादर घेऊन खाली जातो. वॉचमनला सांगून ठेवलंय.

हे सगळं ऐकून ते जोडपं जरा सैलावलं. त्याने उत्साहाने लॅपटॉप उघडला आणि गाडीचा आराखडा दाखवला. घडीचा पलंग, छतावर सौर पॅनेल, मुलीसाठी खिडकीशी अभ्यासाची फळी, काम करायला दोन खुर्च्या. खरंच छान केला होता.

"पाण्याची टाकी?" मी विचारलं.

"ही काय, सीटखाली. शंभर लिटर."

"भरणार कोण?"

"पेट्रोल पंपावर मिळतंच की," तो म्हणाला. ती काही बोलली नाही. तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला.