कारागृह शिपाई भरती : मैदानावरचे पन्नास गुण

पोलीस भरतीच्या जाहिरातीत 'कारागृह शिपाई' हे पदही असते. त्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी जे पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे एकत्र घेतले आहेत.

कारागृह शिपाई म्हणजे पोलीसच ना? पोलीस शिपाईचा अर्ज भरला असेल तर हा वेगळा भरावा लागतो का? — वाचक, परभणी

वेगळाच भरावा लागतो. दोन्ही पदे गृह विभागाखाली येतात, पण कारागृह विभाग स्वतंत्र आहे आणि त्याचे मुख्यालय पुण्यात आहे. २०२४च्या भरतीत एकूण १७,४७१ पदे होती. त्यांतली १,८०० कारागृह शिपायांची. ती चार विभागांत अशी वाटली होती : मुंबई ७१७, पुणे ५१३, छत्रपती संभाजीनगर ३१५, नागपूर २५५.

पोलीस शिपाई, चालक, राज्य राखीव पोलीस दल आणि कारागृह शिपाई या प्रत्येक पदासाठी एक-एक अर्ज करता येतो. खुल्या प्रवर्गाला अर्जामागे ४५० रुपये आणि मागास प्रवर्गाला ३५० रुपये शुल्क होते. मात्र एकाच पदासाठी दोन विभागांत अर्ज करू नका. 'एक मुंबईला, एक नागपूरला, जिथे लागेल तिथे' या हिशेबाने गेलेले उमेदवार बाद होतात. आधार क्रमांकावरून असे अर्ज सहज सापडतात.

विभाग निवडताना एकूण जागांच्या आकड्याला भुलू नका. जाहिरातीसोबत सामाजिक (जातीनुसार) आणि समांतर (महिला, खेळाडू, प्रकल्पग्रस्त अशा गटांच्या) आरक्षणाचा तक्ता असतो. त्यात तुमच्या प्रवर्गाची ओळ शोधा. ७१७ जागांच्या विभागात तुमच्या रकान्यात चार जागा असू शकतात आणि २५५ जागांच्या विभागात सहा.

मैदानात २५ गुण मिळाले की लेखीला बसता येते असे अकॅडमीत सांगतात. खरे आहे का? — वाचक, करमाळा

अर्धेच खरे आहे. मैदान, म्हणजे शारीरिक चाचणी, ५० गुणांचे असते आणि त्यात निम्मे, म्हणजे २५ गुण मिळाले तरच तुम्ही पात्र ठरता. पण पात्र ठरलेल्या सगळ्यांना लेखीला बोलावत नाहीत. प्रवर्गातल्या एका जागेमागे दहा, अशी यादी मैदानाच्या गुणांवरून लागते. तुमच्या रकान्यात ८ जागा असतील तर मैदानात वरचे ८० जण लेखीला जातात. ८१वा उमेदवार ३८ गुण घेऊनही घरी जातो.

लेखी परीक्षा १०० गुणांची, ९० मिनिटांची आणि मराठीतून असते. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी हे तिचे विषय. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. किमान ४० टक्के हवेत. अंतिम यादी दोन्ही मिळून १५० गुणांवर लागते. म्हणजे मैदानातला एकेक गुण दोनदा उपयोगी पडतो, आधी लेखीला पोचताना आणि मग शेवटच्या यादीत. २५ हे लक्ष्य ठेवून सराव करणाऱ्या मुलांचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. मेहनत ते तेवढीच करतात, फक्त आकडा चुकीचा धरून.

१६०० मीटरला सहा मिनिटांच्या आसपास अडकलो आहे. रोज पूर्ण अंतर धावतो, तरी वेळ कमी होत नाही. — वाचक, जत

रोज पूर्ण अंतर धावता, म्हणूनच ती कमी होत नाही.

आधी हिशेब पाहू. पुरुषांना १६०० मीटर (२० गुण), १०० मीटर (१५ गुण) आणि गोळाफेक (१५ गुण) अशा तीन चाचण्या असतात. १६०० मीटरला पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत यावे लागते. त्यापुढे वरच्या टप्प्यांत साधारण दर २० सेकंदांना २ गुण जातात. सहा मिनिटांना तुम्ही १४ गुणांवर आहात. ४०० मीटरच्या ट्रॅकवर १६०० म्हणजे चार फेऱ्या. ५:१० साठी फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत व्हायला हवी. सहा मिनिटांत धावताना तुमची फेरी ९० सेकंदांची होते. फेरीमागे साडेबारा सेकंद कमी करायचे आहेत, आणि नव्वदच्या लयीत रोज चार फेऱ्या मारून शरीर नव्वदचीच लय पक्की करते.

आठवड्यातून दोन दिवस तुकड्यांत धावा. ४०० मीटरची एक फेरी ८० ते ८२ सेकंदांत, मग दोन-अडीच मिनिटे चालत विश्रांती, असे चार ते सहा वेळा. शेवटची फेरीही पहिलीइतक्याच वेळात आली की पुढच्या आठवड्यात दोन सेकंद कमी करा. एक दिवस ६ ते ८ किलोमीटर सावकाश धावा, इतके सावकाश की सोबत्याशी बोलता यावे. एक दिवस चढावर किंवा पायऱ्यांवर छोटे वेगवान तुकडे घ्या, ते १०० मीटरलाही कामी येतात. घड्याळ लावून पूर्ण १६०० पंधरा दिवसांतून एकदाच पळा.

प्रत्यक्ष मैदानावर वेळ दोन ठिकाणी वाया जाते. पहिली जागा म्हणजे सुरुवात. शिट्टी झाली की सगळी तुकडी उधळते आणि पहिली फेरी ६८-७० सेकंदांत होते. तिसऱ्या फेरीत पाय जड होतात आणि तिथे दहा-बारा सेकंद जातात. पहिली फेरी ७६च्या खाली नेऊ नका, मागे पडल्यासारखे वाटले तरी. दुसरी जागा वळणावर. आतली लेन सोडून दुसऱ्या लेनमधून पूर्ण फेरी मारली तर साडेसात मीटरहून जास्त अंतर वाढते. चार फेऱ्यांत ते ३० मीटर होते, म्हणजे या वेगाने जवळपास सहा सेकंद. पुढच्याला ओलांडायचे असेल तर सरळ पट्ट्यात ओलांडा, वळणावर नको.

अनेक मैदानांवर पायाला आरएफआयडी चिप (रेषा ओलांडल्याची वेळ आपोआप नोंदवणारी) बांधून वेळ घेतात. चिप नीट बसली आहे याची खात्री करूनच रांगेत उभे राहा. शेवटच्या रेषेआधी वेग सोडू नका, चिप असलेला पाय रेषेपलीकडे गेल्यावरच तुमची वेळ नोंदली जाते.

नडगी दुखत असेल तर आठवड्याचे एकूण अंतर एकदम वाढवू नका, दहा टक्क्यांच्या आत ठेवा. डांबरी रस्त्याऐवजी मातीवर धावा. दाबल्यावर हाडाच्या एकाच बिंदूत कळ येत असेल तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा असू शकतो आणि तो 'धावता धावता' बरा होत नाही.

४ किलोचा गोळा पाच मीटरच्या पुढे जात नाही. जिम लावू का? — वाचक, अंबाजोगाई

ताई, जिम नंतर, आधी फेकण्याची पद्धत सुधारा. महिलांना ६ मीटरला पूर्ण १५ गुण मिळतात. पुरुषांना ७.२६० किलोचा गोळा ८.५० मीटरवर टाकावा लागतो. पाच मीटरवर अडकणाऱ्या बहुतेक मुली केवळ हाताने फेकतात. गोळ्याला जोर पायातून मिळतो.

गोळा तळव्यात ठेवू नका. तो बोटांच्या मुळांवर ठेवा आणि मानेला, हनुवटीखाली टेकवा. कोपर खांद्याच्या रेषेत वर हवे. कोपर खाली पडले की चेंडूसारखी फेक होते. अंतर तर जातेच, शिवाय ती फेक नियमबाह्य ठरते आणि खांदाही दुखावतो. फेकीच्या दिशेला पाठ किंवा बाजू करून उभ्या राहा, मागच्या पायावर वजन घेऊन गुडघा वाकवा, मग पाय, कंबर, छाती आणि शेवटी हात या क्रमाने उसळा. गोळा समोर नाही, समोर आणि वर ढकलायचा आहे. अंदाजासाठी पाच-सहा मीटरवर डोक्याहून उंच दोरी बांधा आणि तिच्यावरून टाका. बहुतेकींची फेक सपाट जाते, या एका दोरीने ती सुधारते.

वर्तुळाचा व्यास २.१३५ मीटर असतो. सराव उघड्या मैदानात झाला असेल तर परीक्षेत तोल जाऊन पाय पुढच्या लाकडी पट्टीवर पडतो आणि फेक बाद होते. म्हणून चुन्याने वर्तुळ आखूनच सराव करा, आणि फेकल्यावर मागच्या अर्ध्या भागातून बाहेर या. गोळा विकत घेतल्यावर किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा तोलून पाहा. हलक्या गोळ्यावर सहा मीटर टाकणारी मुलगी खऱ्या गोळ्यावर साडेपाचला थांबते, आणि हे तिला परीक्षेच्या दिवशी कळते.

माझी उंची कधी १६५ भरते, कधी १६४.५. काय करावे? — वाचक, साक्री

पुरुषांना १६५ आणि महिलांना १५५ सेंटिमीटर उंची लागते. सकाळी उठल्यावरची उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर जास्त असते, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात. मोजमापाच्या आधी तासन्‌तास उभे राहणे किंवा पाठीवर जड बॅग घेऊन चालणे टाळा. पट्टीला टाचा, पार्श्वभाग आणि पाठ टेकवून, नजर समोर ठेवून उभे राहा. हनुवटी वर उचलली की उंची वाढत नाही, कमी भरते. केसांत काही लपवणाऱ्यांना थेट बाद करतात. मोजमाप मान्य नसेल तर त्याच दिवशी, मैदान सोडण्याआधी तिथल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे फेरमोजणी मागा. दुसऱ्या दिवशी केलेल्या अर्जाचा उपयोग होत नाही.

पुरुषांच्या छातीला न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवून किमान ५ सेंटिमीटरची वाढ लागते. ८० वरून ८४ झाली तर तुम्ही नापास, कारण वाढ चारच आहे. रुंद छातीची व्यायामी मुले इथे अडकतात. फुगवण्याआधी श्वास पूर्ण बाहेर सोडायला शिका.

मैदानाच्या दिवशी गोळी किंवा इंजेक्शन घेतले तर चालते का? मित्र घेतात. — नाव नको

नाही. उत्तेजक द्रव्य सापडले तर उमेदवारी जाते, आणि ते त्याहून मोठे नुकसान करू शकते. २०२४मध्ये राज्य राखीव पोलीस दलाच्या ५ किलोमीटर धावेत एक तरुण कोसळून दगावला. दमट हवेत, उपाशीपोटी, रात्रभर प्रवास करून धावणे एवढेच शरीरावर पुरेसा ताण आणते. आदल्या रात्री मैदानाजवळ मुक्काम करा, दोन-तीन तास आधी केळी किंवा पोळी-गूळ असे हलके खा, आणि पाणी एकदम न पिता थोडे थोडे प्या. चक्कर, छातीत दाब किंवा थंडी वाजल्यासारखे वाटले तर थांबा.

कागदपत्रांत मुले कुठे अडकतात? — वाचक, चिपळूण

तारखांत. नॉन-क्रिमिलेअर, ईडब्ल्यूएस, अधिवास, जात, खेळाडू, प्रकल्पग्रस्त ही सगळी प्रमाणपत्रे जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत मिळालेली आणि वैध असावी लागतात. 'अर्ज केलाय, पावती आहे' हे चालत नाही. केंद्र सरकारच्या नमुन्यातले ओबीसी प्रमाणपत्र राज्याच्या भरतीत चालत नाही, नमुना वेगळा आहे. खुल्या प्रवर्गातल्या महिलांना मे २०२३च्या शासन निर्णयानंतर महिला आरक्षणासाठी नॉन-क्रिमिलेअर लागत नाही. मागास प्रवर्गातल्या महिलांनी मात्र ते काढावे, अनुसूचित जाती-जमाती वगळून.

बारावी उत्तीर्ण आणि वय १८ ते २८, मागास प्रवर्गाला ३३ पर्यंत, या मूळ अटी. विवाहितांना लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्ये दोनपेक्षा जास्त झाली असतील तर नियुक्ती मिळत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी दहावीच्या नावानेच अर्ज भरावा, सोबत विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत ठेवावी.

एकाच दिवशी दोन मैदाने आली तर? पाऊस आला तर? — वाचक, राजापूर

२०२४मध्ये १९ जूनपासून, ऐन पावसात मैदानी चाचण्या सुरू झाल्या तेव्हा दोन्ही गोष्टी घडल्या, आणि उमेदवारांना पुढच्या तारखा दिल्या गेल्या. पण तारीख आपोआप बदलत नाही. दोन्ही प्रवेशपत्रांच्या प्रती जोडून, ज्या घटकाच्या (भरती घेणाऱ्या कार्यालयाच्या) मैदानाला जाणार नाही, तिथे आधीच ईमेलने आणि प्रत्यक्षही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मुलगी ही नोकरी करू म्हणते. तुरुंगात बायकांचे काम काय? भीती वाटते. — एक वडील, वाई

तुमची काळजी रास्त आहे, म्हणून कामच सांगतो. महिला बंद्यांचा विभाग वेगळा असतो. तिथली झडती, मोजणी, कुलूप लावणे-उघडणे आणि नातेवाइकांच्या भेटीच्या (मुलाखतीच्या) वेळची देखरेख महिला शिपाईच करतात. भायखळ्याला आणि येरवड्याला महिलांची स्वतंत्र कारागृहे आहेत. न्यायबंद्यांना (खटला चालू असलेल्या कैद्यांना) कोर्टात नेणे-आणणे हे पोलिसांचे काम, कारागृह शिपायाचे नाही. ड्यूटी पाळीची असते, रात्रपाळी चुकत नाही, आणि आत जाताना स्वतःचा मोबाइलही बाहेर ठेवावा लागतो. घरच्यांना तासन्‌तास फोन लागणार नाही, याची तयारी दोघांनीही ठेवा. निवडीनंतर प्रशिक्षण होते. येरवड्याचे दौलतराव जाधव तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालय हे या विभागाचे मुख्य प्रशिक्षण केंद्र आहे.

कॉलेजात असताना भांडणात गुन्हा दाखल झाला होता, नंतर निर्दोष सुटलो. लिहू की नको? — नाव नको

लिहा. साक्षांकन नमुन्यात (चारित्र्य पडताळणीसाठी भरून द्यायच्या अर्जात) अटक, गुन्हा, खटला आणि निकाल यांची वेगवेगळी विचारणा असते. निर्दोष सुटलात तरी 'गुन्हा दाखल झाला होता का' याचे उत्तर 'होय' हेच आहे. चारित्र्य पडताळणी पोलीस ठाण्याच्या नोंदींवरून होते, त्यामुळे लपवलेले सापडतेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये अवतार सिंग खटल्यात म्हटले आहे की, तरुण वयातला किरकोळ गुन्हा लपवला असेल तर नियुक्ती अधिकारी तो दुर्लक्षित करू शकतो. पण हा त्याचा अधिकार आहे, तुमचा हक्क नाही. आणि खरे सांगणाऱ्यालाही नोकरीची हमी नाही, त्याच्या प्रकरणाचा विचार होतो. निकालपत्राची प्रमाणित प्रत आताच काढून ठेवा, कोर्टातून ती मिळायला काही आठवडे जातात आणि पडताळणीच्या वेळी तेवढी मुदत मिळत नाही.