लिंकनखेरीज आणखी कोण?

प्रश्न : जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्या लोकांपैकी लिंकन सोडून एकही नाव मला ठाऊक नाही. एखाद्याविषयी सांगाल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मी थॅडियस स्टीव्हन्स यांचं नाव घेईन. ते वकील होते, आणि मीही उभा जन्म काळ्या कोटात काढला, म्हणून मला ते जवळचे.

जन्म १७९२ चा, व्हरमाँटमधला. पाय जन्मतः वाकडा, वडील घर सोडून गेलेले. आईने कष्टाने शिकवलं. पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला त्यांनी वकिली थाटली. तिथलं एक प्रकरण सांगितलंच पाहिजे. चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीचं म्हणणं होतं, ‘मालकाने मला या राज्यात एकूण सहा महिन्यांहून जास्त ठेवलं, तेव्हा इथल्या कायद्याने मी मुक्त.’ स्टीव्हन्स मालकातर्फे उभे राहिले. मुक्काम तुकड्यातुकड्यांचा आहे, मुदत सलग भरली पाहिजे, असा मुद्दा त्यांनी काढला. १८२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि बाई गुलामीतच राहिली. मुदतीच्या मुद्द्यावर दावे बुडताना मी पुष्कळ पाहिलेत, पण हे प्रकरण वाचून आजही माझ्या पोटात कालवतं.

पुढे मात्र त्यांनी आपली वकिली गुलामांच्या बाजूने लावली. १८३८ ला राज्याच्या नव्या घटनेने काळ्या लोकांचा मताधिकार काढला, तेव्हा घटना समितीचे सदस्य असूनही त्यांनी सही केली नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६३ साली गुलामी टिकवू पाहणाऱ्या बंडखोर दक्षिणेच्या सैन्याने त्यांचा लोखंडाचा कारखाना जाळला. तरी ते मागे हटले नाहीत.

तोवर ते अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात, निवडून गेले होते. युद्धानंतर त्यांची खरी मागणी जमिनीची होती. बंडखोर जमीनदारांच्या जमिनी जप्त करा आणि मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकर द्या, असं ते सांगत राहिले. काँग्रेसने ऐकलं नाही. माझ्या मते तिथेच सगळं बिनसलं. राबणारा माणूस जुन्याच मालकाच्या शेतात वाट्याने राबत राहिला.

१८६६ साली अमेरिकेच्या राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती प्रतिनिधिगृहातून पार पाडण्यात त्यांचा मोठा हात होता. कायद्याच्या समान संरक्षणाची हमी देणारं कलम ओहायोचे वकील जॉन बिंगहॅम यांनी लिहिलं होतं. स्टीव्हन्सना मसुदा अपुरा वाटत होता. मग स्वीकारता कशाला? ‘मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही,’ हे त्यांचं सभागृहातलं उत्तर. जुलै १८६८ मध्ये राज्यांच्या संमतीने दुरुस्ती मंजूर झाली, ऑगस्टमध्ये ते गेले. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ मधले ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे शब्द याच दुरुस्तीतून आलेले आहेत.