‘हार्डली’ आणि आपलं ‘जवळजवळ’

प्रश्न असा आला: ‘क्विक’चं ‘क्विकली’ होतं, ‘स्लो’चं ‘स्लोली’ होतं, मग भाच्यानं नोकरीच्या अर्जात ‘आय वर्क हार्डली’ लिहिलं तर बिघडलं कुठे?

बिघडलं ते अर्थात. वाचणाऱ्याला ‘मी कामाला जेमतेमच हात लावतो’ असं कळणार. मेहनतीसाठी नुसतं ‘हार्ड’. विशेषण तेच, क्रियाविशेषणही तेच.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी ‘ए’ जोडला की क्रियाविशेषण व्हायचं: ‘हेआर्ड’चं ‘हेआर्डे’. पुढे तो ‘ए’ उच्चारातून गळाला आणि दोन्ही रूपं सारखी झाली. ‘फास्ट’ही त्यातलंच, म्हणून ‘फास्टली’ कानाला खटकतं. ‘ली’चं मूळ वेगळं. तो ‘लिक’ या शब्दातून आला, आणि त्याचा अर्थ अंग, देह. इंग्लंडात जुन्या चर्चच्या आवाराला छपराचं फाटक असतं, ‘लिचगेट’. पाद्री येईपर्यंत प्रेत तिथं टेकवत. त्यातला ‘लिच’ तो हाच! ‘फ्रेंडली’ म्हणजे मित्राच्या अंगाचा, मित्रासारखा, म्हणून शेवटी ‘ली’ असूनही ते विशेषण. क्रियाविशेषण हवं तर ‘इन अ फ्रेंडली वे’ म्हणायचं.

‘हार्डली’चा अर्थ आधी ‘जोरानं’, मग ‘कष्टानं’ आणि मग ‘जेमतेम’ असा घसरत आला. आपल्या ‘मुश्किलीनं’चं तेच झालंय. ‘मुश्किलीनं दहा माणसं जमली’ यात कष्ट कुणाला पडले?

खरी गंमत ‘निअर’ आणि ‘निअरली’त आहे. घर जवळ आहे, काम जवळजवळ झालंय. इंग्रजीनं ‘ली’ लावून केलं ते आपण शब्द दोनदा म्हणून केलं. कधी नुसता ‘च’ पुरतो: ‘हळू ये’ म्हणजे पडशील, आणि ‘हळूच ये’ म्हणजे बाळ झोपलंय. ‘लेट’ आणि ‘लेटली’तही असंच अंतर आहे, उशिरा आणि अलीकडे. ‘मी आज लेटली पोचलो’ हे मात्र आमच्या ऑफिसात आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं.

आणखी एक. ‘हार्डली’च्या पोटात नकार आहेच, त्यामुळे ‘आय कान्ट हार्डली हिअर’ म्हणू नका. ‘आय कॅन हार्डली हिअर’ एवढं पुरे. भाच्याला अर्जात ‘आय वर्क हार्ड’ लिहू दे.