करपलेले दोन घाणे

*ताई, वसुबारसेला मुलगा-सून बंगळुरूहून आणि मुलगी पुण्याहून येतेय. नऊ दिवस उरलेत आणि घर जसंच्या तसं. माळा आवरायचाय, पडदे धुवायचेत, उशांना नवे अभ्रे शिवायचेत, पण सुईत दोराच ओवला जात नाही. भाजणी दळून आणली, तर चकलीचे दोन घाणे करपले. हल्ली तेलात रंग कळत नाही. डॉक्टरांनी मोतीबिंदू काढायला सांगितलंय, ते संक्रांतीनंतर बघू. मुलांना बोलले नाहीये, त्यांच्या सुट्टीत विघ्न नको. यजमानांचे हात थरथरतात, त्यामुळे त्यांची मदत नाही. मुलगी रोज आठला फोन करते, तिला सगळं छान चाललंय म्हणते आणि फोन ठेवला की रडू येतं. एवढी कामं कशी उरकू? – वय ६६, मिरज*

वहिनी, माळा आणि पडदे मी वाचले आणि पुढे गेले. करपलेल्या घाण्यांपाशी मात्र थांबले.

बुडबुडे बसले की चकली काढायची, हे मी तुम्हाला शिकवायला नको. म्हणजे तुम्हाला रंग दिसला नाही आणि बुडबुडेही दिसले नाहीत. कढत तेलासमोर तुम्ही अंदाजाने उभ्या होतात! हे वाचून माझ्या पोटात गोळा आला, आणि पुढच्याच वाक्यात ‘संक्रांतीनंतर बघू’ वाचून रागही आला.

मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ, पिवळट होतं. सोनेरी आणि तपकिरी यांतला फरक पुसट होत जातो. दोरा ओवला जात नाही तोही बहुधा त्यामुळेच. तुमचा हात मंदावलेला नाही. तुम्हाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनी तुम्ही दिवाळीचं घर उभं करायला निघालात. मग रात्री रडू येणार नाही तर काय?

मोतीबिंदू पिकू द्यावा, ही समजूत जुनी झाली. आता तसं थांबावं लागत नाही. उलट फार पिकला तर तो काढणं अवघड होतं. ऑपरेशन साधारण अर्ध्या तासात उरकतं, त्याच दिवशी घरी सोडतात. खरं काम त्यानंतरचं. सुरुवातीला दिवसातून बऱ्याच वेळा थेंब घालायचे, दोन औषधं असली तर मध्ये पाचेक मिनिटं सोडायची, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, जड उचलायचं नाही. थेंब काही आठवडे चालतात. यजमानांचे हात थरथरतात, मग संक्रांतीनंतर हे कोण करणार? मुलं तेव्हा बंगळुरूला आणि पुण्याला असतील.

मुलांपासून लपवलंत, हे मला मुळीच पटलेलं नाही. त्यांना न विचारता तुम्ही ठरवून टाकलंत की त्यांना आईच्या डोळ्यांपेक्षा धुतलेले पडदे हवेत. तुमच्या मुलीच्या जागी मी असते, तर जानेवारीत हे कळल्यावर मला फार लागलं असतं.

तेव्हा आज आठला मुलीचा फोन आला की आधी डोळ्याचं सांगा. फराळाचं, माळ्याचं काही बोलू नका. डॉक्टरांनी काय सांगितलं, कधी सांगितलं, सगळं सांगा. भाऊबीज झाल्यावरची तारीख तिला घ्यायला लावा आणि नंतरचे आठ-दहा दिवस ती किंवा भाऊ, कोण राहणार, ते त्यांना आपसांत ठरवू द्या. तपासणीला, डोळ्यात बसवायच्या नव्या भिंगाचा नंबर काढायला तीच तुमच्याबरोबर येऊ दे. कर्नाटकातून माणसं उपचाराला मिरजेत येतात, वहिनी, तुम्हाला तर रिक्षानेच जायचंय.

उरलेली भाजणी डब्यात घट्ट झाकून ठेवा. मुलं येईपर्यंत कढई चुलीवर चढवायची नाही. मुलगी आली की तिला सोऱ्या द्या, सुनेला झारा द्या, आणि तुम्ही शेजारी स्टूल घेऊन बसा. रंग त्या सांगतील.