कोलेस्टेरॉलची गोळी घेतली तर टेस्टोस्टेरॉन उतरेल का?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून ट्रॉलर नेणारा पस्तिशीतला एक तांडेल मूल होत नसल्यामुळे पत्नीसह समुपदेशनासाठी आला, तेव्हा त्याच्या अहवालांत शुक्राणूंची संख्या कमी होती, टेस्टोस्टेरॉन २६० नॅनोग्रॅम आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) २९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होते. त्याने विचारले, “मॅडम, टेस्टोस्टेरॉन कोलेस्टेरॉलपासूनच बनतं म्हणतात. मग डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली तर आहे तेही उतरेल ना?”

ही शंका अनेकजण विचारतात आणि तिचा पहिला भाग खराच आहे. मात्र वृषणातील, टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लायडिग पेशी लागणारे कोलेस्टेरॉल स्वतःही तयार करतात, त्यामुळे रक्तात ते अधिक असले म्हणून हे संप्रेरक वाढत नाही, आणि स्टॅटिनमुळे, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीमुळे, होणारी घट अभ्यासांत अल्पच दिसली आहे. उलट पोटावरची चरबी, चढलेले ट्रायग्लिसराइड, कमी एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) आणि कमी टेस्टोस्टेरॉन बऱ्याचदा एकत्र आढळतात, कारण चरबीतील अॅरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन करते आणि ते इस्ट्रोजेन वृषणांना चालना देणारी मेंदूतील संप्रेरके दाबते.

रात्रभर समुद्रावर राहून आल्यावर दुपारी रक्त दिल्याचे त्याने बोलता बोलता सांगितले. टेस्टोस्टेरॉनची तपासणी रात्रीच्या झोपेनंतर, सकाळी लवकर, उपाशीपोटी आणि दोनदा व्हावी लागते. म्हणून १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत, झोप रुळावर आल्यावर, ती पुन्हा करण्याचे ठरले. तेव्हा आकडा ३०० या सर्वसाधारण किमान पातळीच्या थोडा वर आला.

खरी काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची होती. व्यायामशाळेतल्या मित्राने त्याला टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुचवले होते, आणि तो ते घेण्याच्या बेतात होता. बाहेरून संप्रेरक मिळाले की मेंदू एलएच व एफएसएच ही वृषणांना चालना देणारी संप्रेरके सोडणे कमी करतो, वृषणातले टेस्टोस्टेरॉन कोसळते आणि शुक्राणू शून्यावरही जाऊ शकतात. औषध थांबवल्यावर ते परतायला अनेक महिने लागतात. मूल हवे असलेल्या पुरुषाला हे इंजेक्शन देऊ नये, हे मी त्याला पत्नीसमोरच सांगितले, कारण घरी हा विषय तिच्याच तपासण्यांपुरता उरला होता.

गोळी त्याने सुरू ठेवली आणि दारू सोडली. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे पुढची वीर्यतपासणी तीन महिन्यांनी ठेवली आहे. तोवर दोघांनी वंध्यत्वतज्ज्ञांकडे एकत्र जावे, असे ठरले.